दारावरच्या तारखा

व्हर्लीन स्टोकलीने लबक शहरात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. कोणत्या पोराने च्युइंगगम कुठल्या सीटखाली चिकटवलं, हे ती समोरच्या आरशात बघून न वळता सांगायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण तो आरसा तिच्या नजरेतून गेलेला नाही. चर्चमधून कुणी घरचं कलिंगड आणून दिलं तरी ती आधी उलटंपालटं करून बघते. मी तिचा शेजारी. आमच्या दोघांच्या अंगणांत एकच कुंपण आहे.

जूनमध्ये तिची मुलगी जोलीन डॅलसहून आली आणि जाताना अट घालून गेली. त्याला कारण होतं. व्हर्लीनचा एसी सतरा वर्षांचा झालेला. मागच्या ऑगस्टमध्ये तो बंद पडला, तेव्हा ती दोन दिवस गळ्यात ओला टॉवेल घालून बसून राहिली. मुलीला कळवलं नाही, मलाही नाही.

"आई, एक तर घराची वॉरंटी घे, नाहीतर घर विकून माझ्याकडे चल," जोलीन म्हणाली. मी तेव्हा तिथेच होतो, आणि तिथे नसतो तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं. "एसी, गिझर, काय बिघडेल ते कंपनी बघेल. पैसे मी भरते."

"पैसे तू भरणार म्हणजे कंपनी तुझंच ऐकणार."

"आई!"

"बरं. पंधरा दिवस दे."

त्या आठवड्यात गुलाबी पाकिटं यायला लागली. 'आपल्या घराच्या वॉरंटीबाबत अखेरची सूचना.' वर अमेरिकी सरकारचा वाटावा असा गरुड छापलेला. व्हर्लीन कुंपणापाशी येऊन म्हणाली, "मी वॉरंटी कधी घेतलीच नाही. मग ही अखेरची कशी? पहिली कुठे गेली?" पत्ता कुणी दिला असेल, यावरून तिने आधी जोलीनवर संशय घेतला, मग पोस्टमनवर. नंतर माझ्याकडे वळली.

"ऑर्विल, तू घेतली आहेस ना वॉरंटी? कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"म्हणजे... बरी."

कलिंगड बघावं तसं तिने मला बघितलं आणि गेली.

बरी वगैरे काही नव्हती. हिवाळ्यात माझा गिझर गळायला लागला. कंपनीचा माणूस आला, भेटीचे वेगळे पैसे घेतले, फोटो काढले. आठवड्याने पत्र आलं की दरवर्षी गिझर साफ केल्याचे कागद तुमच्याकडे नाहीत, सबब दुरुस्ती मिळणार नाही. कापसाच्या जिनिंग गिरणीत माझी सगळी नोकरी दुसऱ्यांची वजनं तपासण्यात गेली, आणि स्वतःच्या करारावर मी न वाचता सही केली होती. हे कुणाला सांगायचं?

व्हर्लीनने कराराचा नमुना मागवला आणि चार दिवस भिंग घेऊन वाचला. पाचव्या दिवशी मला हाक मारली. तिच्या पॅसेजमध्ये एका अरुंद कपाटात एसीचं यंत्र आहे. तिने कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला तिच्या नवऱ्याने, रॉइसने, पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा होत्या. फिल्टर बदलला, यंत्र साफ केलं, एकेक ओळ. एका ठिकाणी, 'फिल्टर बदलला. व्हर्लीन रागावली आहे.' तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्याखालच्या तारखा तिच्या अक्षरात.

"नियमित देखभालीचा पुरावा ग्राहकाने द्यायचा, असं पान अकरावर आहे," ती म्हणाली. "हा माझा पुरावा. आता ऐक." तिने कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अगदी निश्चिंत राहा, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला.

"पुरावा म्हणून दार चालेल का?"

"कसलं दार?"

"कपाटाचं. त्यावर सतरा वर्षांच्या तारखा आहेत."

"हो हो, चालेल की! काहीही चालतं, मॅडम."

"मग तसं लिहून पाठव. 'दार चालेल.' दोनच शब्द."

"लिहून... तसं आमच्याकडे देत नाहीत, मॅडम. पण सवलत आजच्यापुरतीच—"

"बोलून देता, लिहून देत नाही. असली पोरं मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवायचे." तिने फोन ठेवला. "आता तू बोल. तुझी 'बरी' म्हणजे काय?"

मी सांगितलं. मान वर न करता सगळं सांगितलं.

"लाज वाटली म्हणून गप्प बसलास?"

"हो."

"आणि तुझ्या भरवशावर मी सही केली असती तर?"



वॉरंटी घ्यायची नाही, हे ठरलं. पण जोलीनची अट तशीच होती. व्हर्लीनने एसी तपासायला नेहमीच्या मिस्त्रीला, यूसेबिओला बोलावलं आणि तो काम करत होता तोवर टॉर्च घेऊन त्याच्या मागे उभी राहिली. हा उन्हाळा निघेल, पुढच्याचं सांगता येत नाही, असं तो म्हणाला. तेवढं तिने त्याच्याकडून दारावर सहीनिशी लिहून घेतलं.

संध्याकाळी मला बोलावून तिने कपाटासमोर जोलीनला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं. "वॉरंटीला देणार होतीस ते पैसे ऑक्टोबरमध्ये नव्या एसीला दे."

जोलीन मग म्हणाली, "आई, मला एसीची भीती नाही गं. तो बंद पडला तर तू सांगणार नाहीस, याची आहे."

व्हर्लीनने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"ऑर्विल रोज सहाला येऊन घरातलं तापमान बघेल आणि लिहील," ती फोनवर म्हणाली. "गडबड वाटली तर तोच तुला फोन करेल. त्याच्याकडे किल्ली देते." मग मला म्हणाली, "लाज वाटली तरी करायचा. कळलं?"

किल्ली माझ्या खिशात आहे. मी रोज सहाला जातो, दारावरच्या तारखांखाली आकडा लिहून सही करतो. काल ती भिंग घेऊन दाराशीच उभी होती.

"परवा तू एक अंश कमी लिहिलास."

"खोडू?"

"खोडायचं नाही. बाजूला माझा आकडा लिही."