तेलाचं डोकं आणि शाळेतला चष्मा

मी चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे शाळेत काय करावं हे मला कोणी विचारत नाही. मीही सांगायला जात नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या सिहोऱ्याकडच्या गावात शाळेला एक चष्मा आला, तेव्हा जावं लागलं.

चष्मा कसला, डबाच तो. डोळ्यांवर बांधला की खोलीत बसल्या बसल्या समुद्र दिसतो. नग एकच, आसपासच्या शाळांनी आळीपाळीने वापरायचा. आला त्या दिवशी साहेब लोकांनी हार घालून घेतले, चष्मा लावून एकमेकांचे फोटो काढले, नाश्ता केला. मुलं उन्हात बसून टाळ्या वाजवत होती. मग चष्मा कपाटात गेला आणि फक्त शनिवारी बाहेर निघू लागला.

पहिल्याच शनिवारी एक पोरगा तो लावून उठला, चालू लागला आणि कपाटावर आपटला. कपाळाला टेंगूळ आलं. मॅडम धावल्या, त्यांनी आधी चष्मा उचलला आणि कुठे फुटला का ते पाहिलं. हे मला पाचवीतल्या माझ्या नातीने सांगितलं, हसत हसत.

नंतर भिंतीवर विद्यार्थी सुरक्षेचे नियम लागले. मुलाला कोणीतरी धरून ठेवावं, असं त्यात कुठे नव्हतं. डोक्याला तेल असेल तर चष्मा मिळणार नाही, पट्टा खराब होतो, हे मात्र ठळक अक्षरात होतं. आता गावात बिनतेलाचं डोकं कोणाचं? पोरांचं. त्यांचे केस बोटभर. पोरींच्या वेण्या आम्ही रोज तेल चोपडून घालतो. म्हणजे पोरांनी समुद्र पाहायचा आणि पोरींनी मागे बसून तो ऐकायचा.

एका सकाळी नात म्हणाली, "आजी, मले तेल नको लावू."

"काहून? उवा पाळून राहिली काय?"

मग रडतरडत सगळं बाहेर आलं. ती दोनदा साबणाने डोकं धुऊन गेली होती. मॅडमनी वेणी चाचपून पाहिली आणि तिला परत मागे बसवलं. येत्या शनिवारनंतर चष्मा दुसऱ्या गावी जाणार होता.

मला त्या डब्याचं काडीचं कौतुक नव्हतं, आजही नाही. पण माझ्या हातच्या तेलापायी पोर मागे बसते, हे मी ऐकून घेणार नव्हते. धानाच्या रोवण्याला डोक्याला बांधते ते फडकं मी धुतलं, शनिवारी नातीच्या डोक्याला आवळून बांधलं आणि तिच्यासोबत शाळेत गेले.

मॅडम म्हणाल्या, "आजी, नियम आहे. मुलांच्या सुरक्षेसाठीच आहे."

"पोरगा आपटला तवा तुमी पोराले पाहलं का डब्याले?"

वर्ग हसला. टेंगूळवाला पोरगा सगळ्यात जोरात हसला.

"फडक्यावरून पट्टा घसरला तर?"

"मी पोरीले धरतो. डबा तुमी धरा."

मॅडमनी तोंड वाकडं करून चष्मा लावला. मी नातीचा फ्रॉक मागून मुठीत धरला. तिने हवेत हात मारले, किंचाळली, खुर्चीवरून उठायला गेली, मी तिला खाली ओढलं.

चष्मा काढल्यावर विचारलं, "काय दिसलं?"

"मासा! तोंडाजवळ आला."

"मासे आपल्या बोडीच्या पाण्यात नाही काय?"

"बोडीवर तू जाऊ कुठी देतेस? बुडशील म्हनते."

वर्ग पुन्हा हसला. मी म्हटलं, चूप, घरी चल. पण तोवर मागच्या पोरी उठून आल्या होत्या. एकीने नातीच्या डोक्यावरचं फडकं सोडवून घेतलंसुद्धा.

"आजी, मले बी धर ना."

घरी भात टाकायचा होता. पण मॅडमचं लक्ष पट्ट्यावर होतं, पोरीकडे कोणाचंच नव्हतं. मग काय, शेवटच्या पोरीपर्यंत एकेकीचा फ्रॉक धरून तिथेच उभी राहिले. फडकं परत आलं तेव्हा तेलाने ओलं झालं होतं. पट्टा कोरडा होता. मॅडमनी तो दोनदा पुसला.