इंग्लिश ऐंशी

डॉक्टरसाहेबांकडे ती परदेशी गाडी आली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि भिंगारच्या एका बालवाडीत शिकवत होते. आबा, म्हणजे माझे वडील, डॉक्टरांचे ड्रायव्हर. त्याआधी कैक वर्षं त्यांच्या हाती डॉक्टरांची जीप होती. ती नुसती कण्हली तरी तिचं काय दुखतंय ते आबांना कळायचं. नवी गाडी डॉक्टरांच्या मेहुण्यांनी बाहेरदेशातून आणली होती. तिकडे म्हणे ती जुनी झाली होती. आमच्याकडे तसलं काही कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

"आत मीटरला काटाच न्हाई," पहिल्या दिवशी चपला न काढताच आबा सांगत सुटले. "नुसती काळी काच. चावी फिरवली का आकडं पेटत्यात. अन् गंमत सांगू? गाडी जाग्यावर उभी, अन् आकडा एकशे चव्वेचाळीस! मग शून्य हुतो."

"आबा, लई फेकू नका," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर मी दवाखान्यापाशी जाऊन थडकलेच. आबांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि चावी फिरवली. त्या क्षणी मी तोंडाचा आ केला तो बराच वेळ मिटला नाही. काळ्या काचेत खोलवरून उजेड वर आला, मोरचुदाच्या पाण्यासारखा निळसर हिरवा. भलेमोठे आकडे लखकन पेटून विझले आणि शून्य उरलं. आबांनी पाय दाबला तशा उजेडाच्या पट्ट्या पायरी पायरीनं चढत गेल्या आणि पाय उचलल्यावर गुमान उतरल्या. एका कोपऱ्यात त्याच गाडीचं वरून काढलेलं चित्र होतं. माझ्या बाजूचं दार नीट लागलं नव्हतं, तर चित्रातलं तेवढंच दार लाल झालं. गाडीला स्वतःचं अंग कळतं, हे पाहून मला अक्षरशः भरून आलं. पुढचं शतक येणार येणार म्हणतात ते इथे येऊन बसलंय आणि सगळ्या भिंगारात ते मला आधी दिसलंय, असं वाटलं.

आता ते शतक येऊन बरीच वर्षं झाली. माझ्या भाच्याच्या गाडीत पाटीएवढा पडदा आहे आणि त्या पडद्यावर काय दिसतं, तर काटा! चित्रातला, खोटा काटा. मला हसू येतं आणि रागही येतो. उद्याचा दिवस कसा असेल हे ज्यानं इतक्या हौसेनं कल्पून त्या काळ्या काचेत भरलं, त्या कुठल्याशा परक्या माणसाचा उद्या आपण आणलाच नाही.

असो. त्या उजेडात मी इतकी हरवले होते की लखकन पेटलेला आकडा नेमका कोणता, हे मी पाहिलंच नाही. तेव्हा पाहिलं असतं तर पुढचं टळलं असतं.

कारण आबांना इंग्रजी आकडे येत नव्हते. मराठी येत होते. कॅलेंडर, एसटीची पाटी, रस्त्याकडेचे मैलाचे दगड सगळं वाचायचे. पण ते तिसरीतून उठलेले. जीपच्या मीटरवर त्यांनी कधी आकडा पाहिलाच नाही, काटा पाहिला. काटा कलता म्हणजे बेतानं, उभा म्हणजे बस झालं. पेट्रोल पंपावर "टाकी फुल" म्हटलं की भागायचं. नवी गाडी आली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मामा, ही नाजूक वस्तू आहे. शिकलेल्या माणसाच्याच हातात देणार." आबांनी ठोकून दिलं, "सातवी पास हाय, साहेब." झाकली मूठ सव्वा लाखाची.

डॉक्टर दर गुरुवारी पुणतांब्याला रुग्ण तपासायला जायचे. पहिल्या गुरुवारी आबा खुशीत परतले. "काय गाडी हाय! चाळीसच्या वर न्हाई नेली, तरी राहुरी कवा गेली कळलं न्हाई. हादरा न्हाई, आवाज न्हाई." मी बालवाडीची बाई, मुलांना दहापर्यंत मोजायला शिकवणारी, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुसऱ्या गुरुवारी मागच्या सीटवर औषधांची खोकी होती, म्हणून डॉक्टर पुढे बसले. त्या संध्याकाळी आबा घरी आले. चहा निवला तरी कपाला हात लावेनात.

"साहेब म्हनले, मामा, ऐंशीवर नेलीत की! मी म्हनलं, न्हाई साहेब, चाळीस हाय. ते हसले. त्यास्नी वाटलं मी चेष्टा करतोय." मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाय, इंग्लिश चार कसा असतो गं?"

ऐंशी आणि चाळीस ऐकून मला शंका आली, म्हणून चारऐवजी मी पाटीवर इंग्रजी आठ, 8 काढला. "हाच की चार," आबा म्हणाले. आता उलगडलं. आपला ४ आणि त्यांचा 8, फरक काय तो वरच्या झाकणाचा. माणूस ऐंशीनं गाडी हाकत होता आणि चाळीस समजून निर्धास्त होता! जीप असती तर तिनं खडखडून सांगितलं असतं. या गाडीनं जे सांगायचं ते उजेडात लिहून दाखवलं आणि यांनी ते मराठीत वाचलं.

"उद्याच साहेबांना खरं सांगा," मी म्हटलं.

"अन् चावी दुसऱ्याच्या हातात जाऊ दिऊ?" आबा म्हणाले. ही नोकरी गेली तर या वयात त्यांना कोण ठेवणार होतं? आणि नोकरीपेक्षाही, ती काच रोज पेटवायला मिळणार नाही, याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

मग दिवेलागणीला आमची शाळा भरू लागली. बालवाडीत मी काड्या मांडून आकडे शिकवायची, तेच घरी सुरू केलं. काचेतला प्रत्येक आकडा सात काड्यांचा. सातही लावल्या की आठ. मधली काढली की शून्य. आई करवादली, "चूल पेटवायला काडी ठेवा एखादी!" मी आबांवर चिडायची, त्यांचा नऊ दर वेळी एक व्हायचा. ते मात्र काड्या सरकवत बसायचे. एकदा हात थांबवून म्हणाले, "सात काड्यांत सगळी दुनिया मोजली की गं. कुनाच्या डोक्यात आलं आसंल हे?" मीही काड्यांकडे बघत राहिले. रोज मुलांसमोर मांडत होते आणि कधी नवल वाटलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी काळजीपोटी मीही गाडीत बसले. गाडी बघायची हौस आहे असं डॉक्टरांना सांगितलं. ते मागे बसले. राहुरी मागे पडल्यावर त्यांनी सहज विचारलं, "मामा, किती?"

"साठ, साहेब."

थोड्या वेळानं रस्ता मोकळा लागला. "आता?"

"ऐंशी," आबा म्हणाले, आणि छाती फुगवून पुढे बोलून गेले, "इंग्लिश ऐंशी!"

मी डोळे मिटले.

"अच्छा," मागून आवाज आला. "म्हणजे परवाचे चाळीस मराठी होते तर."

आबांनी गाडी बाभळीखाली घेतली. चावी काढली. काच काळी झाली. मागे वळून त्यांनी चावी पुढे केली. "साहेब, मी सातवी पास न्हाई. तिसरीतून उठलो. तुमाला घेऊन ऐंशीनं गेलो, मला ठाव नव्हतं."

डॉक्टर चावीकडे बघत राहिले.

"शिकवलं कुणी?"

"पोरीनं. काड्या मांडून."

"बरं." त्यांनी चावीला हात लावला नाही. "मामा, ती काच पेटते ना, मला फार आवडतं. मागून नीट दिसत नाही." आणि ते दोन्ही सीटच्या मधून पुढे वाकले. "लावा परत. आणि काय पेटतं ते मोठ्यानं वाचा."

चावी दोनदा घसरली. मग खोलवरून तो निळसर हिरवा उजेड वर आला, आणि आबा खणखणीत आवाजात म्हणाले, "एकशे अठ्ठ्याऐंशी!"