छत्तिसाच्या पुढे सरकलेला खटका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दादाला रोलच्या कॅमेऱ्याचं वेड होतं. वेड कसलं, पार खूळच! जग फोनवर एका दमात पन्नास फोटो काढून मोकळं होतं आणि हा गडी छत्तीस फोटो दोन-दोन महिने पुरवायचा. वर न्हाणीघराच्या फटी काळ्या कापडाने बुजवून फिल्म धुवायचाही तिथेच. बायको कपाळाला हात लावायची. "आज अंघोळी आहेत की नाहीत, तेवढं सांगून ठेवा!" धाकटा भाऊ तर कॅमेऱ्याला सरळ डबा म्हणायचा.

पण त्याला कॅन्सर निघाला, अर्धा जबडा काढावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा हाच धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्या डब्याने माझे फोटो काढ. हसतानाचे. पोरगी दीड वर्षाची आहे रे, मी कसा दिसायचो हे तिला कुठलं आठवायला?" फोनमध्ये फोटो ढिगाने होते, पण सगळे पोरीचे. काढणारा हा, मग हा दिसणार कुठून? फार तर कडेला एखादं कोपर.

रविवारी सकाळी दादाने नवा रोल भरला. फिल्मचं टोक पलीकडच्या दांडीच्या खाचेत अडकवायचं, झाकण लावायचं, फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढायचा आणि डावीकडची चकती फिरते का ते बघायचं. फिरली म्हणजे आत फिल्म सरकतेय. लिफ्टचा दोर तीनदा तपासल्याशिवाय माणसाला आत पाऊल ठेवू न देणारा हा दादा! पण धाकटा डॉक्टरांची नक्कल करत होता, घर हसत होतं, आणि दादा हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत झाकण लावून मोकळा झाला. चकतीकडे बघायचं राहून गेलं.

दिवसभर फोटो काढले. पोरीला खांद्यावर घेतलेला धाकटा, आरशासमोर फेसाने माखलेला, पोट धरून हसणारा. भावजयीने मध्येच फोन उचलला तर दादा खेकसला, "ठेव गं तो! मग सगळे तिकडेच बघतात. मी काढतोय ना?" बिचारीने मुकाट्याने ठेवला.

सोमवारी सकाळी धाकट्याला ऑपरेशनला आत नेलं. बाहेरच्या बाकावर दादा नि भावजय. हाताला चाळा म्हणून दादाने खटका ओढला. छत्तिसावा फोटो कालच काढून झाला होता, खटका अडायला हवा होता. अडला नाही. बटण दाबून पुन्हा ओढला, पुन्हा सरकला. चकती ढिम्म. फिल्मचं टोक खाचेत अडकलंच नव्हतं. कालचा एकही फोटो निघाला नव्हता.

तो उठून दारावर धडकला. "सिस्टर, पाच मिनिटं थांबा! एकच फोटो काढतो!"

"अहो, अर्धा तास झाला सुरू करून. बसा बघू तुम्ही."

"काय झालं, भाऊजी?" भावजयीने विचारलं.

"काही नाही," दादा म्हणाला आणि बाकावर बसून मनातल्या मनात स्वतःला शिव्यांची लाखोली वाहत राहिला. तिला तरी काढू द्यायचा होता रे मूर्खा, एक तरी!

नवव्या दिवशी धाकट्याच्या हातात पाटी दिली. बोलता येत नव्हतं, अर्धा चेहरा बँडेजमध्ये. पहिलीच ओळ लिहिली, 'फोटो धुतलेस?'

"उद्या," दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्याच. तिसऱ्या दिवशी भावजय म्हणाली, "एक तरी आणा ना. काल पोरीने यांना ओळखलं नाही, किंचाळून माझ्या गळ्यात पडली. हे रात्रभर भिंतीकडे तोंड करून होते."

मग मात्र दादाला राहवेना. "नाहीयेत गं फोटो! फिल्म पुढे सरकलीच नाही. माझी चूक. सगळं वाटोळं केलं मी."

"आणि तुम्ही मला काढू दिला नाहीत," भावजय एवढंच म्हणाली.

खाटेवर सगळं ऐकत पडलेल्या धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी बँडेजमध्ये मुरत होतं. मग त्याने पाटी ओढली. 'डबा आणलायस? आता हाच चेहरा. काढ.'

दादाने नवा रोल भरला, झाकण लावलं, कॅमेरा डोळ्याशी नेला. धाकट्याने हात वर करून थांबवलं. कॅमेरा जवळ ओढून चकतीवर आपलं बोट ठेवलं आणि मानेनेच खुणावलं. दादाने खटका ओढला. बोटाखाली चकती फिरली. धाकट्याने बटण दाबून पुन्हा एकदा ओढायला लावला, आणि मगच बोट काढलं.