शववाहिनीचा नंबर

छापखान्यात तिला चिमटाबाई म्हणायचे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांच्या हातात चिमटा असे, हिच्या नजरेत. एकतीस वर्षं तिनं मुद्रितं तपासली. ओल्या शाईचा कागद समोर आला की निसटलेला काना तिला घासातल्या खड्यासारखा लागायचा. जुळारी कुरकुरत, “बाई, एवढ्यानं कोण मरतंय?”

“तुझ्या लग्नपत्रिकेत तुझंच नाव चुकवते, मग बघ कोण मरतं,” ती म्हणे, आणि समासात खूण करून पुढच्या कागदाकडे वळे.

छापखाना बंद झाला, पण तिची नोकरी सुटली नाही असंच म्हणायला हवं. लेकीनं घरातल्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि लहान दुकानदारांची कामं घ्यायला लागली. पाट्या, कार्डं, वेबसाइट. गिऱ्हाइकं साधीच, चाव्या बनवणारा, शिवणकामवाली, सायकली दुरुस्त करणारे दोघे भाऊ. लेकीचा एक नियम होता. कुठलंही पान गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी आईनं खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते मोठ्यानं वाचायचं. आई अडखळली की अक्षर मोठं करायचं. तिला काही शोधावं लागलं की पानावरचा पसारा काढायचा. “आमच्याकडे दोघी काम करतात,” लेक गिऱ्हाइकांना सांगे, “मी मांडते, आई पास करते.”

त्या एका वाक्यावर म्हातारीचा दिवस उगवत होता.

दीड वर्षापूर्वी तिच्या नजरेला मधोमध भोक पडलं. कडेकडेचं दिसायचं, खिडकीची चौकट, लेकीचं कोपर, दाराशी काढलेल्या चपला. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं. माणसाचं तोंड बघायला गेलं की कान तेवढे उरायचे. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांकडे गेलं की निदान होणार, निदान झालं की खुर्ची जाणार, एवढा हिशोब तिला पाठ होता.

लेकीला टाइप करताना पुटपुटायची सवय लहानपणापासूनची. आई शेंगा सोलत बसे आणि कानांनी सगळं टिपून घेई. संध्याकाळी खुर्चीत बसली की घडाघडा म्हणे. खरं वाटावं म्हणून मधेच थांबे, “हे जरा बारीक झालंय गं.” लेक मुकाट्यानं मोठं करी.

मग गाडीवाले काका आले. त्यांची एकच गाडी, शववाहिनी, पांढरी. चालवायचे स्वतःच. लेकीनं त्यांचं पान राखाडी केलं, त्यावर करडी अक्षरं. “दुःखाचं काम आहे, शांत दिसायला हवं,” ती म्हणाली. आईनं ते नंबरासकट वाचून दाखवलं. पान पास झालं.

आठवड्यानं गाडीवाले पुन्हा दारात. बसले नाहीत.

“ताई, रागावू नका. माझा फोनच वाजेना. म्हटलं, लोकांनी मरायचं सोडलं की काय.” ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. “काल एका बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात. म्हणाल्या, आठवडाभर रडणारी माणसं मला फोन करतायत. पहिल्याला चुकीचा नंबर म्हणून फोन ठेवून दिला, पुढच्यांना तसं म्हणवेना. सगळ्यांचं ऐकून घेतलं म्हणे. मग एका माणसाकडून पान मागवलं आणि त्यावरच्या नावावरून मला शोधून काढलं.”

लेकीनं पान उघडलं. शेवटी नऊ-सहा हवं होतं, तिथं सहा-नऊ पडलं होतं.

“असं कसं झालं? आईनं तर नऊ-सहाच वाचला हो...” ती बोलता बोलता थांबली. मग ती घाईनं म्हणाली, “माझाच हात लागला असेल नंतर. माझीच चूक, काका.”

खुर्चीतल्या म्हातारीनं ते ऐकलं. लेक आपल्यावर पांघरूण घालतेय हे तिला कळलं, आणि उभ्या जन्मात वाटली नव्हती अशी लाज तिला वाटली.

लेकीनं आकडे सुधारले. “आई, वाच.”

नंबर जिभेवर तयार होता. म्हटला असता तर सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं.

“मोठं कर,” आई म्हणाली.

लेकीनं केलं.

“अजून. आणि ते राखाडी काढ. रडून आलेल्या माणसाला राखेतली राख कुठून दिसणार? पांढऱ्यावर काळं कर.”

आकडे चार-चार बोटं उंच झाले. म्हातारीनं मान फिरवून तोंड भिंतीकडे केलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेक आकडा उचलला. सगळा नंबर व्हायला बराच वेळ लागला. ती सांगत गेली तसतशी लेकीनं फोनवर बटणं दाबली आणि फोन आईच्या हातात दिला.

गाडीवाल्यांच्या खिशात घंटी वाजली. वीस वर्षांची सवय, समोर उभे असूनही त्यांनी फोन कानाला लावला. “बोला. सावकाश बोला, मी ऐकतोय.”

म्हातारीनं सावकाश सांगितलं. “माझी नजर गेलीय. दीड वर्ष झालं. न वाचता पास करत होते. लेकीचा हात चुकला असेल, पण ती चूक धरायला मी होते. त्या बाईंना माझं नाव सांगा.”

मग फोन करणाऱ्या प्रत्येकाला जे विचारत, तेच गाडीवाल्यांनी विचारलं. “तुमच्यासोबत कोण आहे?”

“लेक आहे.”

“मग तिच्याशी बोला, आजी.” त्यांनी फोन बंद केला आणि चपला घालून ते अंगणात जाऊन उभे राहिले.

आई भिंतीकडेच तोंड करून बसली होती. लेक उठली, खुर्चीसमोर आली, तिथून बाजूला सरली, पुन्हा समोर आली.

“कुठं उभी राहू, आई? म्हणजे मी दिसेन तुला?”

“डावीकडे,” आई म्हणाली. “अजून थोडी. हां, तिथंच.”