कृपया कळवावे

कॉम्प्युटरशी सभ्यपणे वागल्यामुळे माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

मी एका कचेरीत हेडक्लार्क होतो. सगळी नोकरी अर्ज वाचण्यात आणि फेटाळण्यात गेली (फेटाळण्यात जास्त!). त्यामुळे कॉम्प्युटरवर काहीही शोधायचं झालं तरी मी 'कृपया'ने सुरुवात करतो आणि 'कळवावे'वर थांबतो. माझी मुलगी सायली वैतागते, "बाबा, नुसतं 'पनवेल हवामान' टाका ना!" पण फुकटात काम करून घ्यायचं, तर निदान दोन शब्द तरी गोड बोलावेत की नाही?

तर, सायलीने स्वतःच गव्हाणचा एक मुलगा पसंत केला. मुलाचे वडील दामूशेठ रविवारी घरी येणार होते. त्याआधी चौकशी करणं आलंच! बायकोने ती मासळी बाजारात उरकली. कोळीण मावशीने बोंबील साफ करता करता दामूशेठच्या तीन पिढ्या सांगून टाकल्या. "माणसं चांगली आहेत," बायको म्हणाली. पण बाजारगप्पांवर विसंबेल तो हेडक्लार्क कसला! मी दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून रीतसर चौकशी केली.

शनिवारी सायलीला ते कळलं.

"बाबा! शोधलेलं सगळं तिथे राहतं! उद्या दामूशेठनी पाहिलं तर?" तिचे डोळे भरून आले.

"मग आता?"

"नोंद न ठेवणारं सर्च इंजिन असतं. पण त्याच्याआधी जुनं..."

पुढचं मी ऐकलंच नाही. सेटिंग उघडलं, सर्च इंजिनांच्या यादीतून नोंद न ठेवणारं निवडलं आणि जाहीर केलं, "प्रकरण निकाली!"

रविवारी दामूशेठ मुलाला घेऊन आले. आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्यांनाही कळलं. पोहे झाले, चहा झाला.

"लग्नाला हॉल कंचा बगायचा?" दामूशेठनी विचारलं.

"आत्ता शोधू!" मी उडी मारून कॉम्प्युटरसमोर बसलो. "आणि आमचं सर्च इंजिन कसलीही नोंद ठेवत नाही बरं का!" (हे सांगायची काही गरज होती का?)

दामूशेठ खुर्ची ओढून शेजारी बसले. मी सवयीने टाइप केलं, 'कृपया'. त्याबरोबर खाली यादी उलगडली.

कृपया गव्हाणचे दामूशेठ तापट आहेत काय ते कळवावे.

कृपया दामूशेठ यांचा मुलगा दारू पितो काय ते कळवावे.

कृपया वडिलांना टक्कल असल्यास मुलाला कधी पडते ते सत्वर कळवावे.

नवं सर्च इंजिन नोंद ठेवत नव्हतं, हे खरं. पण जुनं सगळं आमच्याच कॉम्प्युटरने जपून ठेवलं होतं! सायली आदल्या दिवशी हेच सांगत होती. आता ती दारात पुतळ्यासारखी उभी होती. मी दोन्ही हातांनी स्क्रीन झाकला. दामूशेठनी माझे हात बाजूला केले आणि तिन्ही ओळी मोठ्याने वाचल्या.

"मंग? काय कलवला त्यानं?"

"काहीच नाही," मी पुटपुटलो.

"आवो, मना इचारायचा ना! हाय मी तापट. पोरगा पीत नाय. आनि टक्कल मना तिशीला पडला. आताच सांगतो, मागून तक्रार नाय पायजे!" आणि ते असे हसले की बशीतला चमचा वाजला. सायलीही हसली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

डोळे पुसत ते म्हणाले, "आमी पन तुमाला याच्यावर शोधला."

मी ताठ बसलो. "काय सापडलं?"

"काय नाय! नाव नाय, फोटू नाय. तवाच पोराला बोललो, या मानसाचा काय पन तरास नाय, सोयरीक करून टाक!"

लग्न थाटात झालं. सायली मजेत आहे, जावयाचे केसही अजून शाबूत आहेत. मी मात्र रोज सकाळी न चुकता विचारतो, 'कृपया माझ्याविषयी काही माहिती असल्यास कळवावी.' अजून उत्तर नाही. अर्ज बहुधा माझ्यासारख्याच एखाद्या हेडक्लार्कच्या टेबलावर पडलाय!