मिस्त्रीचे एकशेवीस गोळे

"अगं, तीस वर्षं भिंती गुळगुळीत केल्या मी. हा एवढासा गोळा काय जड आहे मला?"

"भिंत खायची नसते," मिस्त्रीची बायको म्हणाली. "आणि भिंत काडीवरून घसरून चॉकलेटात बुडत नाही."

"माझी एक भिंत आजवर पडलेली नाही."

"तू पडलास ना पण," खिडकीजवळच्या खुर्चीतून त्याची आई म्हणाली.

यावर मिस्त्रीसुद्धा हसला. आठ महिन्यांपूर्वी हसला नसता. गिलाव्याचं काम चालू असताना परांचीची फळी निसटली, तो दुसऱ्या मजल्यावरून वाळूच्या ढिगावर आला आणि उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, पण परांचीवर चढायचं नाव काढू नका. तेव्हापासून बायकोच्या केकच्या धंद्यात मिस्त्री म्हणजे भांडी घासणारा आणि केक कुस्करणारा गडी.

कुस्करण्याचं काम त्याला पटतही नव्हतं. बायको ओव्हनमधून छान फुगलेला केक काढायची, निवला की त्याच्यापुढे परातीत ठेवायची आणि म्हणायची, "करा चुरा." मग त्या चुऱ्यात लोणी आणि साय घालून मळायचं, वजन करून लिंबाएवढे गोळे वळायचे, काडी खोचायची, फ्रिजमध्ये गार करायचे आणि चॉकलेटात बुडवून वर नक्षी काढायची. म्हातारीला हे अजून कळलेलं नव्हतं. "धड केक मोडायचा आणि परत बांधायचा. तुम्हा दोघांना कामं नाहीत," ती रोज एकदा तरी म्हणायचीच.

आज मात्र मिस्त्री बुडवायचं काम मागून बसला होता. त्याला कारण होतं. बायकोच्या थोरल्या भावाचं मालाचं गोदाम होतं. त्याच्या फाटकावर पहारेकरी हवा होता. "दाजी, काही करायचं नाही, नुसतं खुर्चीवर बसायचं," असं मेहुणा चांगल्या मनाने म्हणाला होता आणि आज दुपारपर्यंत त्याला हो-नाही कळवायचं होतं. मिस्त्रीला खुपत होतं ते हे 'नुसतं'. गुडघा गेला ते त्याने सोसलं. पण दिवसभर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, हे त्याला सोसणार नव्हतं.

बायकोने सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं. "शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होतायत. एकशेवीस गोळे, पांढरे शुभ्र, प्रत्येकावर त्यांचा चष्मा काढायचा. चार वाजता न्यायला येतील. बुडवायचं काम नीट जमलं तर उद्यापासून ते तुमचं. नाही जमलं तर दादाला हो म्हणायचं. मी दोन्हीकडे किती पुरणार?"

"ठरलं," मिस्त्री म्हणाला आणि बाह्या वर सारल्या.

ती नक्षीसाठी काळ्या चॉकलेटचे कोन भरायला आतल्या खोलीत गेली. इकडे मिस्त्रीपुढे पातेल्यात पांढऱ्या चॉकलेटपैकी अर्धं वितळलेलं होतं. पहिले पाच-सहा गोळे बरे झाले. मग चॉकलेट निवत निवत दाट झालं, गोळ्यावर जाड बसायला लागलं. मिस्त्रीने पातेल्यात चमचा फिरवला. गिलाव्याचा माल घट्ट झाला की काय करायचं, हे त्याच्या हाताला डोक्याआधी ठाऊक होतं. त्याने पेल्यातलं चार चमचे पाणी घातलं आणि कालवलं.

बघता बघता चॉकलेटचा रवा झाला. मग रव्याची ढेकळं झाली. तो जितकं घोटत गेला तितकं ते आवळत गेलं.

बायको बाहेर आली, तिने पातेल्यात पाहिलं आणि कोन खाली ठेवला.

"पाणी घातलंत?"

"दाट झालं होतं गं."

"अहो, चॉकलेट आहे ते, सिमेंट नाही! दाट झालं तर परत गरम करायचं, फार तर चमचाभर तेल घालायचं. पाण्याचा थेंब लागला की ते गेलंच." ती मटकन स्टुलावर बसली. "आज चॉकलेटचं दुकान बंद. उरलेलं चॉकलेट साठ गोळ्यांना पुरेल. मी प्रत्येकाला दोन हात देते तेव्हा कुठे आतला चुरा झाकतो."

"दादाची खुर्ची गादीची आहे का रे?" म्हातारीने विचारलं.

बायकोने नासलेल्या ढेकळांवर गरम साय ओतली आणि ते घोटून उद्याच्या केकमध्ये भरायला बाजूला ठेवलं. ते करताना तिने भांडी जरा जास्तच आपटली. मिस्त्रीने फ्रिजमधला एक गोळा काढून उजेडात धरला. वरून गोल दिसत होता, पण अंगाला बारीक बारीक खळगे होते.

"दोन हात का लागतात माहीत आहे? तुझी भिंतच खडबडीत आहे," तो म्हणाला. "चॉकलेट निम्मं खळगे भरण्यातच जातं."

"आता माझ्या गोळ्यांना नावं ठेवा!"

"नावं नाही ठेवत. दहा गोळे दे फक्त. काड्या न खोचलेले."

त्याने ते तळहातावर घेतले आणि वळले नाहीत, घोटले. अंगठ्याच्या मुळाशी दाब देऊन, एकेक फेरा सावकाश, खळगा दिसेल तिथे बोटाचं टोक. दहा मिनिटांनी गोळे गोट्यांसारखे गुळगुळीत दिसत होते. ते परत गार करून, काड्या खोचून त्याने नव्या चॉकलेटात बुडवले. आता त्यात चमचाभर तेल होतं. गोळा बाहेर काढला की मनगट पातेल्याच्या काठावर टकटक आपटायचं, काडी फिरवत राहायचं, जास्तीचं ओघळून जाऊ द्यायचं. थापीवरचा जास्तीचा माल झटकायची सवय इथे उपयोगी पडली. एकाच हातात गोळा पांढराधोप झाला. चुऱ्याचा एक ठिपका दिसेना.

बायकोने गोळा फिरवून फिरवून पाहिला. मग पुढचा पाहिला. "हं," म्हणाली आणि फ्रिजमधून सगळे ट्रे काढून त्याच्यापुढे मांडले. तिचं कौतुक एवढंच असतं, हे मिस्त्रीला लग्न झाल्यापासून माहीत होतं.

एक वाजला तेव्हा नव्वद गोळे थर्माकोलच्या भोकांत उभे होते आणि बायको त्यांवर चष्मे काढत होती. दोन चष्मे तिरळे झाले, तर म्हातारी म्हणाली, मोठ्या बाई तशाच बघतात. तेवढ्यात मेहुण्याचा फोन वाजला. बायकोने फोन खांद्याने कानाला धरला.

"हो दादा... आहेत ना समोरच. काय सांगू याला?" तिने मिस्त्रीला विचारलं.

"सांग, मिस्त्री कामावर आहे."

"कामावर आहेत म्हणे," ती फोनमध्ये म्हणाली. "आल्या आल्या पातेलंभर चॉकलेट नासवलं, तेही सांगू का?"

"सांग की. पहिल्या दिवशी कोणाचं नासत नाही?"

तीस गोळे राहिले होते. चॉकलेट पुन्हा दाटत चाललं होतं. मिस्त्रीने पाण्याचा पेला उचलून लांब कट्ट्यावर ठेवला, पातेलं वाफेवर धरलं आणि पुढची काडी घेतली.