आधी ओळ, मग चहा

मंगळवारी सकाळी रुग्णालयातून रेश्माचा फोन आला. "ताई गेल्या," ती म्हणाली. मी गॅस बंद केला आणि निघाले. रुग्णालयात पोचले तेव्हा कुमुदताईंची खाट रिकामी होती. संध्याकाळी आम्ही त्यांना स्मशानात पोचवलं आणि घरी आलो.

आता महिना होऊन गेला. या महिन्यात त्यांच्याविषयी जे छापून आलं ते मी वाचलं, जे बोललं गेलं ते ऐकलं, आणि गप्प राहिले. गप्प राहणं हा माझा स्वभावच. सगळा जन्म अंबरनाथ पूर्वेच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून गेला, 'शांतता राखा' ही पाटी कायम माझ्याच डोक्यावर टांगलेली. पण 'वंचित मुलांना साहित्याची गोडी लावणाऱ्या कवयित्री' हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचल्यावर मात्र राहवेना. कुमुदताईंना या वाक्यातला एकही शब्द खपला नसता. कोणी 'वंचित' म्हटलं की त्या विचारायच्या, "कोणी केलं वंचित? त्याचंही नाव लिहा की मग." आणि गोडी? "गोडी लावायला ती काय मुंग्या आहेत?"

कुमुदताई एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होत्या. कामगारांची हजेरी मांडायची, उशिरा आलेल्याला फाटकाबाहेर थांबवायचं, हे त्यांचं काम. कविता घरी येऊन लिहायच्या. दोन लहानसे संग्रह निघाले, त्यांची फार चर्चा झाली नाही. निवृत्तीनंतर उल्हासनगरच्या एका शाळेतल्या कविसंमेलनाचं बोलावणं आलं, तेव्हा सोबत म्हणून मीही गेले. कवी मांडवात आणि मुलं उन्हात. एक सर हात वर करायचे, की मुलांनी टाळ्या वाजवायच्या. मुंबईहून आलेल्या एका कवीने भुकेवर बरीच लांब कविता वाचली. मुलं सकाळपासून तशीच बसलेली. मग शाल-श्रीफळ झालं आणि कवी मंडळी मुख्याध्यापकांच्या खोलीत जेवायला निघाली. वाटेत नववीतला एक मुलगा आडवा आला. तो विकी, शाळा सुटल्यावर जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाणारा.

"सर, आप लोग वापस कब आओगे?"

"बोलवा, येऊ की," भुकेचे कवी हसत म्हणाले.

"हम कौन बुलाने वाले? बुलाने वाले तो वो बैठे हैं, खुर्चीवर."

सगळे हसले. कुमुदताई हसल्या नाहीत. "शनिवारी येते," म्हणाल्या. परतताना रिक्षात एकदम म्हणाल्या, "सुमन, अगं, आपण त्यांना भूक वाचून दाखवली आणि त्यांच्यासमोरून जेवायला गेलो..."

त्या शनिवारी गेल्या. त्यानंतरच्याही; मुलांकडून कविता लिहून घ्यायच्या, ऐकायच्या. चार महिन्यांनी शाळेला हे थांबवायला परीक्षांचं कारण सापडलं, तेव्हा मी आमच्या वाचनालयाची माडीवरची खोली मागून घेतली. तिथे उल्हासनगरची मुलं यायची, कारखान्यांच्या मागच्या वस्तीतली यायची, वांगणी-बारवीकडच्या वाड्यांमधून चार-पाच जण यायचे. रेश्मा त्यांतली. पहिले काही आठवडे ती दाराशीच बसायची. शाळेत तिला कोणीतरी सांगितलं होतं की तुझं बोलणं अशुद्ध आहे, निबंध पाठ करून लिहीत जा. हे सांगणाऱ्याचा मला आजही राग येतो. तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या तोंडातली भाषाच चुकीची आहे असं सांगायचं, आणि वर म्हणायचं की या मुलांना व्यक्त होता येत नाही!

दर शनिवारी एखादा पाहुणा कवी यावा, असा कुमुदताईंचा आग्रह होता. पण त्यांची एक अट होती. पाहुण्याने आपल्या कविता वाचायच्या, मग मुलांच्या ऐकायच्या, आणि उठण्याआधी एका तरी मुलाची एक ओळ, त्या मुलाचं नाव घेऊन, तोंडपाठ म्हणून दाखवायची. तोवर चहा नाही. चहा त्या घरून आणायच्या, निळ्या रंगाच्या जुन्या थर्मासमध्ये. तो मांडीवर घेऊन बसायच्या, झाकणावर हात ठेवून. "मुलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळी पाठ केल्यात," म्हणायच्या. "त्यांच्या कोणी केल्यात का कधी?"

एकदा बऱ्यापैकी नाव असलेले एक कवी आले. नाव इथे सांगत नाही. माणूस वाईट नव्हता, त्याला ऐकायची सवय नव्हती इतकंच. मुलं वाचत होती तेव्हा ते मोबाइलकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "फार सुंदर. फार निरागस अभिव्यक्ती."

"ओळ?" कुमुदताई म्हणाल्या.

"अं... सगळ्यांच्याच छान होत्या हो."

कवींची नजर थर्मासवर गेली. तेवढ्यात विकी म्हणाला, "टेन्शन नहीं सर, थर्मास है. चाय ठंडी नहीं होती. आराम से." खोलीभर हशा. कवींचा चेहरा लाल झाला, पण ते उठून गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि दाराशी बसलेल्या रेश्माला म्हणाले, "तू परत म्हणशील? मी ऐकलं नव्हतं." रेश्माने मान खाली घालून म्हटलं,

"आयनं भारा उतरवला,
पन मान अजून भाऱ्याखालीच."

"रेश्मा म्हणते," कवी सावकाश म्हणाले, "आईनं भारा उतरवला..."

"आय," रेश्मा म्हणाली. "आई नाय. माझी आय हाय ती."

त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी बरोबर म्हटलं. कुमुदताईंनी झाकण फिरवलं. पुढच्या शनिवारी रेश्मा पहिल्या रांगेत, खिडकीपाशी येऊन बसली. त्यानंतर शाळेतल्या कुठल्याही स्पर्धेत ती पाठ केलेला निबंध लिहिणार नाही, हे आम्हाला तिला सांगावं लागलं नाही. आज ती बदलापूरला शिकते, तिथेच दुकानात काम करते, आणि तिच्या आयची भाषा लिहिते.

असे किती शनिवार गेले. काही कवी पुन्हा आले नाहीत, काही मात्र न बोलावता येऊ लागले. कधी कोणी समाजसेवी मंडळी कॅमेरा घेऊन यायची. "फोटो काढा, पण आधी नाव विचारा," कुमुदताई सांगायच्या. बहुतेकांना तेवढा वेळ नसायचा.

आणि मग ती शोकसभा. आमच्याच वाचनालयाच्या खालच्या सभागृहात. व्यासपीठावर मोठा फलक, त्यावर कुमुदताई, आणि त्यांच्याभोवती मुलांचे चेहरे छापलेले, नाव एकाचंही नाही. ते चेहरे प्रत्यक्षात आले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की खुर्च्या निमंत्रितांसाठी आहेत, तुम्ही मागे उभे राहा. मी उठून विकीला माझी खुर्ची देऊ केली. "बसा मॅडम," तो म्हणाला. "हम लोगों की प्रॅक्टिस है." वक्त्यामागून वक्ता उठत होता. आधारवड कोसळला, कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली, तळागाळातल्या मुलांची माऊली हरपली. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, कुमुदताईंच्या कविता अजरामर आहेत.

"सर," मागून रेश्माचा आवाज आला, "त्यातली एक ओळ म्हना ना."

अध्यक्षांनी हातातला कागद उलटा करून पाहिला. त्यांनी शेजारी पाहिलं, शेजारच्याने त्याच्या शेजारी. सगळ्या व्यासपीठावर एक ओळ नव्हती...

"बाळा, ही शोकसभा आहे," वाचनालयाचे कार्यवाह म्हणाले. "शिस्त पाळ."

"शिस्तच आहे सर," विकी म्हणाला. "ताईंची."

मग रेश्मानेच म्हटलं, तिथूनच, भिंतीला टेकून:

"भोंगा झाला, फाटक लागलं.
आत आलेल्यांची मी हजेरी मांडते,
बाहेर राहिलेल्यांची कविता."

पाठोपाठ दुसऱ्या मुलीने दुसरी ओळ म्हटली, मग विकीने, मग या वर्षीच येऊ लागलेल्या एकाने. खुर्च्यांवरची माणसं माना वळवून मागे बघत होती. कार्यवाहांनी घाईघाईने दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली. मुलांचं बोलणं बंद करायला यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. नंतर बाहेर सगळ्यांसाठी चहा होता. आमच्यापैकी कोणी घेतला नाही.

आठवड्याने कार्यवाहांचा फोन आला. माडीवरची खोली आता स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेला दिली आहे. मुलं जरा जास्तच बोलतात, असं काही सभासदांचं म्हणणं पडलं. "पण सुमनताई, तुम्हाला बरं वाटेल," ते म्हणाले, "खोलीला कुमुदताईंचं नाव देतोय. संगमरवरी पाटी."

मी त्यांना इतकंच विचारलं, "त्यांची एखादी ओळ येते का तुम्हाला?" ते पाटीच्या उद्घाटनाविषयी सांगू लागले. मी मध्येच फोन ठेवला. इतक्या वर्षांत मी कोणाचं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवल्याचं मला आठवत नाही.

पाटी लागली. मी जाऊन पाहून आले. अक्षरं सुबक आहेत. दार बंद होतं.

मुलं आता शनिवारी माझ्या घरी येतात. बाहेरची खोली लहान आहे, काही जण जिन्यावर बसतात, खालचे शेजारी कुरकुरतात. गेल्या खेपेला कल्याणहून एक तरुण कवयित्री आली होती. मुलांनी वाचलं, तिने ऐकलं, आणि मग सवयीने सगळ्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं. कुमुदताईंच्या भाचीने त्यांच्या घरातलं काय हवं ते घेऊन जा म्हटलं होतं, तेव्हा मी निळा थर्मास आणला. त्याचा कान तुटला आहे, बुडाशी पोचा आहे. चहा अजून गरम राहतो. झाकणावर हात ठेवून त्या स्टुलावर रेश्मा बसते.